उठली ती कोण

मबरूकाला तिची सासू खद्रा माझ्या दवाखान्यात घेऊन आली, तेव्हा वाळवंटाच्या काठच्या आमच्या दूझ गावात खजूर उतरवण्याचा हंगाम चालू होता. साऱ्यांचे चेहरे उन्हानं रापलेले. हिचा तेवढा मेणासारखा पांढरा. कुशीत लहानगी मुलगी. बाळंतपणात रक्त फार गेलं होतं.

"हिच्यानं उठवत नाही, डॉक्टरीणबाई," खद्रा म्हणाली. "माझ्याशी भांडायलासुद्धा उठत नाही. तेव्हा मला काळजी वाटली."

त्या रक्तस्रावात मेंदूच्या तळाची पीयूषिका ग्रंथी मेली होती. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी जागेवर होत्या, पण त्यांना हुकूम देणारं कुणी उरलं नव्हतं. त्या सुकत चालल्या होत्या. मी त्यांची उणीव भरणाऱ्या कॉर्टिसोनच्या गोळ्या दिल्या. "जन्मभर घ्यायच्या. ताप आला तर दुप्पट. उलटी झाली तर लगेच मला बोलवायचं."

थोड्याच दिवसांत ती अंगणातल्या भट्टीपाशी भाकरी भाजताना, पाणी भरताना दिसू लागली. शेजारणी खूश होत्या. खद्रा मात्र एकटीच दवाखान्यात आली.

"सून कामाला लागलीय," ती म्हणाली. "भट्टीपाशी होती. मी आतल्या खोलीत डोकावले, बाई, तर मबरूका अंथरुणातच."

मी ते हसण्यावारी नेलं. पुढच्या तपासणीला मबरूकालाच विचारलं. तिचा हात गार होता.

"गोळी मी गिळते," ती म्हणाली, "अंगी लागते तिच्या. ती उठते. मी आहे तिथंच आहे."

"ती कोण?"

"कोण ते ठाऊक नाही. मुलगी तिलाच हसते."

मी मात्रा वाढवली. दुसरं काय करणार होते?

हिवाळ्यात तिला साधा ताप आला. दुपारी तिचा नवरा लझहर धावत आला, "मबरूका ओकतेय." मी इंजेक्शन घेऊन निघाले.

आतल्या खोलीत ती ताठ झाली होती. जीव जाऊन बरेच तास उलटले होते.

"तुला कुणी पाठवलं?" मी लझहरला विचारलं.

"तिनंच. भट्टीपाशी होती. म्हणाली, जा, बाईंना घेऊन ये."

भट्टीपाशी कुणी नव्हतं.

खद्रानं प्रेताशेजारून मुलीला उचललं. ती पोटभर पिऊन झोपली होती. हनुवटीवर दूध ओघळलं होतं.

"हिला कुणी पाजलं?"

खद्रानं उशाची मुलीची दुधाची बाटली उचलून दाखवली, कोरडी होती. "हिच्या आईला दूध कधी आलंच नाही, बाई."

मी बोटानं तो थेंब टिपला. कोमट होता.