खांबावरचं वेटोळं

डेन्मार्कच्या साहेबांना रेणुका घरूनच, व्हिडिओ कॉलवर, आपलं काम समजावून सांगत होती, आणि नेमकं तेव्हाच नेट गेलं. तिच्या गावात, बेडशात, रस्ता खणणाऱ्या जेसीबीनं फायबर तोडली होती. ती तणतणत बाहेर आली, तर खांबाला शिडी लावून भुरभुर पावसात एक तरुण आधीच वर चढलेला.

"किती वेळ?"

"दहा मिनिटं."

"पाच!"

"मग शिडी धरा की, मॅडम."

तिनं धरली. त्यानं वरून एकदा पाहिलं... आणि हातातला पाना निसटला. नेट यायला बारा मिनिटं लागली.

तो शिरगावचा सुहास, नेट कंपनीचा लाईनमन. त्या दिवसापासून रेणुकाची लाईन भलतीच नाजूक झाली. दर आठवड्याला तपासावी लागे, आणि तपासताना चहाही लागे. "लय खराब लाईन हाय बाई ही," आई, नंदाबाई, म्हणायची आणि गालात हसत चहात आलं किसायची.

मग जर्मनीच्या विद्यापीठाचं प्रवेशाचं पत्र आलं. दोन वर्षांचं शिक्षण. तिथं विद्यार्थ्याला ठरावीक तासच काम करता येणार होतं. रेणुकानं डेन्मार्कला सरळ लिहिलं, निम्मे तास द्या, काम सोडणार नाही. ते कबूल झाले. तिनं आनंदानं सुहासला सांगितलं, आणि तो यायचाच बंद झाला.

तीन आठवडे तिनं वाट पाहिली. चौथ्या आठवड्यात चक्क खोटी तक्रार नोंदवली.

तो आला. मशीन पाहून म्हणाला, "चालू आहे की."

"माहितीय मला. कुठे होतात?"

"तुमचं जायचं ठरलं... म्हटलं, मधे कडमडायला नको."

"मी जाणारच आहे. तुम्ही अडवलंत तरी जाणार. पण तुम्ही मला हवे आहात, सुहास. शिक्षण हवं, काम हवं, तुम्हीही हवे. यातलं एकही मी सोडणार नाही."

तो शिडी घ्यायला अंगणात आला, तीही मागोमाग आली. काहीतरी विचारायचं म्हणून तिनं खांबाकडे बोट केलं. "ते वायरचं एवढं मोठं वेटोळं कशाला?"

"जादा वायर सोडतो आम्ही. तुटली तर जोडायला पुरावी म्हणून. दर खांबाला दहा मीटर."

"हे दहा मीटर आहे?"

त्याचे कान लाल झाले. "हितं... चाळीस सोडली. पहिल्याच दिवशी. म्हटलं, या घराची लाईन कधी कायमची तुटायला नको."

रेणुकाला हसू आलं आणि डोळेही भरले. "दोन वर्षं, सुहास. पुरेल?"

त्यानं शिडी खांद्यावर घेतली, फाटकापर्यंत गेला, आणि मागे वळून पहिल्यांदाच तिला एकेरीत म्हणाला,

"तू जा. लाईन मी बघतो."