रिकाम्या पाटीतलं विष

देवूने डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत ओढली, मान ताठ केली आणि टेबलावरच्या पाटीचा काठ धरून वामनरावांचा आवाज काढला, "मागे व्हा सगळे. ही मासळी विषारी आहे."

आनंदा खो खो हसला. सुगंधा हसली नाही.

१९८६च्या मे महिन्याची सुट्टी होती. बोईसरच्या शाळेत रामनाथ सरांनी नववीच्या मुलांसाठी किरणोत्सर्गाचं शिबिर भरवलं होतं. सोव्हिएत रशियातल्या अणुभट्टीच्या अपघाताच्या बातम्या रोज छापून येत होत्या आणि लोक धास्तावले होते. अशात चार दिवसांपूर्वी, अणुवीज केंद्राच्या एका ठेकेदाराकडे सुपरवायझर असलेले वामनराव मिरवण्यासाठी कामावरचा, किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर बाजारात घेऊन आले. सुगंधाची आई नर्मदाबाई जवळच्या समुद्रकाठच्या नवापूरहून मासळी आणून तिथे बसे. वामनरावांनी तिच्या पाटीजवळ यंत्राची नळी धरली आणि ते तडतडलं. गिऱ्हाइकं पळाली. तेवढ्यावर न थांबता वामनरावांनी आपल्या चाळीतल्या बाराही घरी जाऊन सांगितलं की या बाईची मासळी घेऊ नका. नर्मदाबाईने सगळी मासळी खड्ड्यात पुरली. त्या दिवसापासून विष अंगाला लागलं असेल या भीतीने ती राखेने हात घासत होती आणि धाकट्या मुलाला जवळ घेत नव्हती.

सुगंधाने आज आईच्या नकळत ताजी मांदेली शिबिरात आणली होती. आधी काहीच न ठेवता मोजायचं, मग वस्तू ठेवून, हा सरांचा पहिला धडा होता. कारण माती, दगड आणि आकाश यांतून थोडे किरण सतत येतच असतात. रिकाम्या टेबलावर शिबिरातल्या यंत्राने मिनिटाला बावीस ठोके मोजले, मांदेलीजवळ तेवीस. मासळी निर्दोष होती. मग त्या दिवशी वाजलं काय? म्हणून त्या वेळी बाजारात असलेल्या देवूला सरांनी सारं जसंच्या तसं करून दाखवायला सांगितलं होतं.

"बाही कशाला वर केलीस?" आनंदाने विचारलं.

"त्यांनी केली म्हनून. घड्याल दिसाया नको? सासऱ्यानं दिलेलं, फॉरेनचं. अंधारात चमकतंय म्हनं."

सरांच्या हातातला खडू थांबला. जुन्या परदेशी घड्याळांच्या आकड्यांना किरण सोडणारा रेडियमचा रंग लावलेला असे, असं त्यांनी मुलांना सांगितलं. संध्याकाळी वामनरावांना घरी गाठून समजावतो, असंही म्हणाले.

"नको, सर," सुगंधा म्हणाली. "त्यांनी माझ्या आईला चारचौघांत बदनाम केलं. उत्तरही चारचौघांतच मिळू दे."

सर कबूल झाले. मग त्यांनी एकच अट घातली : खोटं बोलायचं नाही.

रविवारी बाजार भरला. वामनराव यंत्र घेऊन आलेच होते. सुगंधाने केळीच्या पानाने झाकलेली पाटी वामनरावांसमोर ठेवली आणि ती मोजून द्यायची विनंती केली. लोक जमताच त्यांची बाही वर गेली. डाव्या हाताने काठ धरून त्यांनी नळी जवळ नेली. यंत्र तडतडू लागलं.

"त्या दिवसापेक्षा जास्त विष आहे हिच्यात," ते ओरडले.

सुगंधाने पान उचललं. पाटी साफ रिकामी होती.

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं आणि ते हसू बाजारभर पसरलं. सरांनी पुढे होऊन वामनरावांचं घड्याळ उतरवून घेतलं. रिकाम्या पाटीजवळ यंत्र जवळजवळ गप्प राहिलं, नर्मदाबाईच्या भरलेल्या पाटीजवळही तसंच. घड्याळ जवळ नेताच तडतड सुरू झाली, वीतभर लांब सरकवताच ओसरली. असं घड्याळ मनगटावर असल्याने घाबरायचं कारण नाही, पण त्याची काच फोडून तो रंग मात्र कधीही खरवडू नये आणि अशा वस्तूपासून अंतर ठेवणं हीच पहिली काळजी, हे त्यांनी गर्दीला समजावलं. "हा शोध या तिघांचा आहे," ते म्हणाले. "मी फक्त मोजायला शिकवलं."

वामनरावांचा चेहरा उतरला. नर्मदाबाई पाघळली. "जाऊ दे गो पोरी. मानूस हाय, चुकतो."

"नाय, आये. बारा घरं हायत. तिथं जाऊन त्यांनीच सांगाया पायजे."

जमलेल्यांनीही तेच लावून धरलं आणि वामनराव निघाले. पुढे ते, मागे डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली सुगंधा, तिच्यामागे देवू आणि आनंदा. प्रत्येक दारी त्यांनी सांगायचं की मासळी चांगली आहे, यंत्र माझ्या घड्याळामुळे वाजलं. आवाज खाली गेला की सुगंधा शांतपणे म्हणे, "ऐकू नाही आलं, काका." नवव्या दाराशी त्यांचा घसा बसला. तिला क्षणभर कीव आली, पण आईच्या हातांवरचे ओरखडे आठवले आणि ती दहाव्या दाराकडे वळली.

बारावं दार त्यांचं स्वतःचं होतं. बायकोसमोर ते काहीतरी पुटपुटले.

"आतल्या आत काय बोलताय?" काकू म्हणाल्या. "त्या दिवशी तर चाळीच्या टोकापर्यंत ऐकू येत होतं."

वामनरावांनी सगळं मोठ्याने सांगितलं. काकूंनी परात आणून मांदेली घेतली आणि परात नवऱ्याच्या हाती दिली. "साफ तुम्हीच करा." मग त्या सुगंधाकडे वळल्या. "शाबास, पोरी. ये, आत बस."

"इथेच बरी आहे, काकू. काकांनाही बाहेरच बसू द्या. उजेड चांगला आहे."

वामनराव पायरीवर बसले. शेजारची दारं एकेक करून उघडली. शेवटची मांदेली साफ होईपर्यंत सुगंधा तिथून हलली नाही.