पुसलेलं स्थळ

मुलुंडच्या वधूवर मंडळात सोमवारी सकाळी केयूर अचानक दारात उभा राहिला, तेव्हा ऋताच्या हातातला चहा हिंदकळला. मंडळाचं सॉफ्टवेअर त्यानंच बनवलेलं. काही बिघडलं की तो येई, आणि खरं सांगायचं तर कार्यालय सांभाळणारी ऋता बिघाडाची वाटच पाहत असे!

"आज काय बिघडलं?" तिनं सावरत विचारलं.

"माझंच नशीब, यार," तो हसला. "आईनं इथं माझं नाव घातलंय. पाडव्यापासून एकही स्थळ आलं नाही म्हणून ती श्यामकांतकाकांवर उखडलीय. काकांनी बघितलं तर — माझं नावच गायब!"

नाव ऋतानंच पुसलं होतं, आणि चोरी पचली म्हणून बाईसाहेब आतापर्यंत निर्धास्त होत्या.

"मग... गेलं ते गेलं ना?"

"छे गं! इथं काही जात नाही." तो खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला. त्याच्या शर्टाला ताज्या इस्त्रीचा वास होता. "मी ट्रिगर लावलाय. कुणी नाव पुसायला गेलं, की आधी त्याची नक्कल आपोआप वेगळ्या कप्प्यात जाते. कुणाकुणाला ते स्थळ सुचवलं, ते धागेही शाबूत राहतात. आणि पुसणाऱ्याचं नाव—"

"तेही?"

"मग काय!"

"ते... तुला खोडता येतं?"

"मलासुद्धा नाही."

त्याची बोटं कीबोर्डवर फिरू लागली. नोकरी तर जाणारच होती. पण हा पुन्हा आपलं तोंडही बघणार नाही, या विचारानं तिचा जीव कासावीस झाला.

स्क्रीनवर ओळी उमटल्या. स्थळ: केयूर. सुचवलेली मुलगी: क्षमा, भेटायला होकार. पुसलं: ऋता.

तो तिच्याकडे वळला.

"सापडलं का रे?" मंडळाचे कार्यवाह श्यामकांतकाका आतून आले. "कुणी केला हा उद्योग?"

केयूर चटकन स्क्रीन झाकत पुढं सरकला. "काका, ते—"

"मी केला, काका." ऋता उभी राहिली. "क्षमाच्या घरून होकार आला, आणि... मला बघवलं नाही. आवडतो मला हा. क्षमाच्या घरच्यांची माफी मी मागते. नोकरीचं तुम्ही ठरवा."

काका समोरच्या खुर्चीत मटकन बसले.

"काका," केयूर हळूच म्हणाला, "लग्न ठरलं की स्थळ काढूनच टाकतो ना आपण?"

"हो, पण तुझं ठरलंय कुठे?"

केयूरनं तिच्याकडे पाहिलं. आता घाम त्याला फुटला होता.

"ऋता... मी तरी इथं नुसता बिघाडासाठी कुठे येत होतो? ठरलंय ना गं?"

तिचे डोळे भरून आले, आणि हसूही आवरेना.

"ठरलंय. पण तुझ्या आईला तूच सांगायचंस."