अकरा वाजता कोण येणार?

झेरॉक्स मशीनचं झाकण तिनं उचललं, तर काचेवर कुणाचा तरी कागद विसरलेला. तेवीस क्रमांक, आणि प्रत्येकापुढे एकाच वळणदार अक्षरात दोन शब्द : सहकार्य नाही.

नावं नव्हती. पण त्या प्रत्येक क्रमांकामागचा चेहरा ती ओळखत होती. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"माफ करा, तो माझा…"

दारात संख्याशास्त्राचा नवा प्राध्यापक उभा होता. येऊन महिनाच झालेला, पण विद्यार्थी नाव ठेवून मोकळे – 'सरासरी'. केस पावसात भिजलेले, चष्म्यावर थेंब.

"अक्षर तुमचं?"

"अक्षर माझं. शब्द मानसशास्त्राच्या विभागप्रमुखांचे."

"आणि अक्कल कुणाची?"

तो शर्टाच्या ओल्या टोकानं चष्मा पुसायला गेला, आणि काचा होत्या त्याहून धूसर झाल्या. त्या आपणच पुसून द्याव्यात असं तिला उगाच वाटलं – आणि त्या वाटण्याचाही राग आला.

मानसशास्त्र विभागाच्या संशोधनाचा प्रश्न तसा साधा होता. शहरातल्या दाट वस्तीत, गोळ्या न देता, नुसतं नीट विचारून आणि नीट ऐकून माणसाचं मन सावरता येतं का? लॉन्ड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत दोन वर्षं ती हेच करत होती. गुण आला का, हे मोजायला मात्र सगळ्यांना विद्यापीठात बोलावलं होतं. सकाळी अकरा वाजता.

"दोन नंबरचा माणूस बस चालवतो," ती म्हणाली. "सात नंबरची रुग्णालयात आया आहे. बारा नंबरची शिवणकारखान्यात. अकरा वाजता कोण येणार? त्या वेळी मोकळे फक्त प्राध्यापक असतात."

"हे मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलंत?"

"नाही. चुकलं माझं."

इतक्या सरळ चूक कबूल करणारा माणूस या इमारतीत तिनं पाहिला नव्हता. तोंडाशी आलेलं भांडण अर्ध्यातच लटकलं.

"शनिवारी अहवाल जाणार," ती म्हणाली, "ही वस्ती मानसोपचाराला तयार नाही, असं लिहून. मग खोल्यांना कुलूप."

"आज सोमवार. तुमची माणसं मोकळी कधी होतात?"

"संध्याकाळी सहाला."

"मग सहाला निघू. रागवायचं काही राहिलं असेल, तर वाटेत उरका."

वाटेत तिनं खरंच उरकलं. तो छत्री तिच्या बाजूला कलती धरून ऐकत होता. त्याचा डावा खांदा चिंब झाला.

त्या आठवड्यात पाच दिवस रोज संध्याकाळी तो लॉन्ड्रीच्या वर बसला. उपचार करणाऱ्यानं मोजणीच्या वेळी खोलीत थांबायचं नाही, असा नियम; म्हणून ती जिन्यात. खालून इस्त्रीची ऊब यायची, आतून त्याचा आवाज. शब्द कळत नसत. पण प्रश्न विचारून झाला की तो गप्प राहायचा – चांगला लांब. घाई नाही, खाकरणं नाही. समोरच्याला धीर येईपर्यंत तो वाट बघायचा. ही वाट बघायला शिकायला तिला सहा वर्षं लागली होती.

"ताई," इस्त्री करता करता लॉन्ड्रीवाली मावशी म्हणाली, "विचारतो कागदावरचं, पण ऐकतो कानानं. असा माणूस सोडू नका."

"मावशी, इस्त्री जळतेय."

"माझी नाही जळत. जळतंय ते दुसरीकडे."

शनिवारी विभागप्रमुखांनी नवे कागद दोन बोटांनी बाजूला सारले. "ठरलेल्या वेळेबाहेरची मोजणी. नियमात बसत नाही."

"सर, एकवीस जणांनी उत्तरं दिलीत," ती म्हणाली. स्वर चढू नये म्हणून तिनं मुठी आवळल्या होत्या. "सोळा जणांना गुण आलाय. माणसाच्या रूपानं देव उंबऱ्यापर्यंत यायचा आणि आपण म्हणायचं, आमची वेळ संपली. आणि वर दोष त्यालाच?"

"भावना नकोत. नियम बघा."

"नियम मी तीनदा वाचले," सरासरी शांतपणे म्हणाला. "वेळ कुठंच लिहिलेली नाही. अकरा ही आपली सोय होती, सर. 'सहकार्य नाही' हे लिहायचंच असेल, तर आपल्या नावापुढे लिहू. या जुन्या अहवालावर मी सही करणार नाही."

संख्याशास्त्रज्ञाच्या सहीशिवाय अहवाल पुढे जात नसे. प्रमुख त्याच्याकडे बघत राहिले. "तुमची नेमणूक अजून कायम झालेली नाही."

"म्हणूनच आज बोलून घेतो. कायम झाल्यावर ही सवय सुटते म्हणतात."

शेवटी प्रमुखांनी बाजूला सारलेले कागद परत ओढले, एकवीस उत्तरं एकेक करून वाचली आणि जुना अहवाल खणात टाकला. खोल्या राहिल्या.

बाहेर रिमझिम होती. पायऱ्यांवर त्यानं एक कोरा फॉर्म काढला. "एका माणसाची मोजणी राहिलीय. गेल्या आठवड्यात झोप कशी?"

"नव्हती. राग होता."

"अजून आहे?"

"आहे. तेवीस माणसांच्या वाटचा राग आहे, पाच दिवसांत कसा जाईल?"

"जाऊ नये. मला तो आवडतो. म्हणजे – राग. म्हणजे… नुसता रागच असं नाही…"

"कागदावरचा प्रश्न विचारा."

तो कागदाकडे बघत राहिला. मग तिच्याकडे. "पुन्हा भेटायला याल?"

आणि थांबला. तसाच, चांगला लांब.

तिनं त्याच्या नाकावरचा चष्मा हलकेच काढला, कोरड्या रुमालानं दोन्ही काचा पुसल्या आणि परत त्याच्या डोळ्यांवर ठेवला.

"अकराला नाही जमायचं," ती म्हणाली. "सहाला ये."