अपेक्षांचा रकाना

वागळे इस्टेटमधल्या त्या इमारतीला लिफ्ट होती, पण ती फक्त मालासाठी, आणि जेवणाच्या सुट्टीत बंद. त्यामुळे हेमा तांडेल डबा घेऊन जिना उतरत होती आणि जगन भोईर छातीशी कॉम्प्युटर कवटाळून तोच जिना चढत होता. जिना अरुंद. दोघंही एकाच बाजूला सरकले, मग दोघंही दुसऱ्या बाजूला.

"तुम्ही ठरवा," तो म्हणाला. "माझ्या हातात वजन आहे."

हेमा भिंतीला टेकून उभी राहिली. "कुणाकडे जायचंय?"

"'दूत' बनवणाऱ्यांकडे. भांडायला आलोय."

"जेवणाची सुट्टी आहे. भांडायला सध्या मीच आहे."

तो थांबला. कपाळावरचा घाम पुसायला हात मोकळा नव्हता. "मग... आधी जेवून घ्या," तो म्हणाला.

ते १९९९ साल होतं. 'दूत' म्हणजे एक वेब सर्व्हर. इंटरनेटवरून कुणी वेबसाइटचं पान मागितलं की ते शोधून पाठवायचं, एवढंच त्या प्रोग्रामचं काम. सीताराम सरांनी चांगली नोकरी सोडून तो स्वतः लिहिला होता. हेमा त्यांच्याकडची पहिली प्रोग्रामर. कॉलेजात जे कुणी धड शिकवलं नव्हतं ते सरांनी तिला शेजारी बसवून शिकवलं होतं.

जगनच्या मीरामावशीचं डोंबिवलीत वधूवर सूचक केंद्र होतं. त्याने केंद्राची वेबसाइट तयार करून ती 'दूत'वर चढवली होती.

"सर्व्हर बंद पडतो," त्याने सांगितलं.

"कधी?"

"कल्याणच्या एक बाई आल्या की."

हेमाने डब्यातून मान वर केली.

"खरंच सांगतोय. मुलासाठी मुलगी बघताहेत. अपेक्षांच्या रकान्यात लिहितात, 'शोधा' दाबतात, की संपलं."

"एवढं काय लिहितात?"

"उंच, गोरी, हसतमुख, गाणं येणारी, पण फार न गाणारी..."

"पुढे?"

"पुढे सर्व्हर बंद पडतो. त्यांना वाटतं मी मुद्दाम करतो."

हेमाला ठसका लागला. त्याने पाण्याची बाटली पुढे केली.

जेवण झाल्यावर तिने ते मशीन लावलं आणि अपेक्षांच्या रकान्यात लिहिलं – समजूतदार. पान लगेच आलं.

"फारच कमी अपेक्षा आहेत तुमच्या," जगन म्हणाला.

"मी टेस्ट करतेय."

"हो, हो. मीही सर्व्हरबद्दलच बोलतोय."

ती हसली नाही, पण पुढचा शब्द टाइप करताना तिची दोनदा चूक झाली.

थोड्या वेळात कारण सापडलं. रकान्यात लिहिलेला मजकूर पानाच्या पत्त्याला जोडून सर्व्हरकडे जायचा, आणि तसा जाताना मराठीतल्या एका अक्षराची तीन चिन्हं व्हायची. 'दूत'मध्ये त्या पत्त्यासाठी ठरावीक जागा राखलेली होती. सरांनी सगळं इंग्रजीत तपासलं होतं, तेव्हा ती पुरली. कल्याणच्या बाईंचा मजकूर मात्र त्या जागेबाहेर सांडत होता.

"मग जागा वाढवा," जगन म्हणाला.

हेमा स्क्रीनकडे बघत राहिली.

"काय झालं?"

"तो कुठे सांडतोय ते बघतेय." ती सावकाश बोलू लागली. "शेजारच्या जागेत सर्व्हरने लिहून ठेवलेलं असतं, हे काम झालं की पुढे कुठे जायचं. बाईंनी त्यावर काहीबाही लिहिलं म्हणून तो कोसळला. पण कुणी विचार करून लिहिलं, तर... तो सांगेल तिथे सर्व्हर जाईल. सांगेल ते करेल. अख्खं मशीन त्याच्या ताब्यात."

जगनच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "त्या मशीनवर मुलींचे फोटो आहेत. पत्ते, फोन नंबर."

"माहितीये."

"आजपासून साइट बंद," तो म्हणाला. "मावशी ओरडेल. ऐन लग्नसराई आहे. ओरडू दे."

त्याने 'कुणाला तरी विचारतो', 'बघतो' असं काही म्हटलं नाही, ते हेमाला आवडलं.

संध्याकाळी तिने सरांना दाखवलं. ऑफिसमधल्याच सर्व्हरला तिने एक मुद्दाम रचलेला लांबलचक पत्ता पाठवला, आणि कुणी न सांगता त्या मशीनवर तिच्या नावाची फाइल तयार झाली. सरांनी ती फाइल उघडून पाहिली.

"दुरुस्ती सोपी आहे, सर. आधी लांबी मोजायची, जास्त असेल तर नाकारायचं. फ्लॉपीवर घालून सगळ्यांना देऊ."

"देऊ. सिंगापूरवाल्यांची सही झाली की." एक परदेशी कंपनी 'दूत' विकत घेणार होती. "आत्ता दिली तर ग्राहक विचारतील, काय बिघडलं होतं. ते त्यांच्या कानावर गेलं की व्यवहार संपला. कुणाकुणाला माहीत आहे?"

"डोंबिवलीच्या भोईरांना."

"त्यांना गप्प राहायला सांग."

हेमा जागेवर जाऊन दुरुस्ती लिहायला बसली.

शनिवारी ती दुरुस्तीची फ्लॉपी घेऊन डोंबिवलीला गेली. मीरामावशींनी तिला चष्म्यावरून न्याहाळलं. "ही कोण रे?"

"सर्व्हरच्या डॉक्टर."

"लग्न झालंय?"

"नाही," हेमा म्हणाली.

"मग फॉर्म भरून घे की, जगन."

"मावशी, मशीन बंद आहे," जगन घाईने म्हणाला. त्याचे कान लाल झालेले हेमाने पाहिले, आणि ती फ्लॉपी घालायला उगाचच वाकली.

साइट सुरू झाली. मावशी चहा ठेवायला आत गेल्या, तेव्हा हेमाने त्याला सरांचं सगळं सांगितलं.

"एक मेल टाकला की झालं," जगन म्हणाला. "अशा गोष्टी जगभर कळवणाऱ्या मेलिंग लिस्ट आहेत. सगळे सावध होतील."

"चोरांनाही वाट कळेल. आपली दुरुस्ती पोचायच्या आत." ती थांबली. "आणि सर... मी आज जे काही आहे ते त्यांच्यामुळे."

"मग त्यांना वाचवायचं की बाकीच्यांना?"

"मला दोन्ही करायचंय."

ही बाई हट्टी आहे, हे त्याला कळलं, आणि आपल्याला ते आवडतंय, हेही. "माझी स्कूटर आहे," तो म्हणाला. "कुठून सुरुवात करायची?"

सोमवारी हेमाने सरांना आधी सांगितलं, मगच निघाली. "मी ग्राहकांकडे चाललेय, सर. मशीनवर दुरुस्ती चढवणार. विचारलं तर खरं सांगणार."

"गेलीस तर परत येऊ नकोस."

तिने ऑफिसची किल्ली टेबलावर ठेवली. खाली जगन स्कूटरला टेकून उभा होता. त्याने किक मारली.

मग त्यांचे ते दिवस स्कूटरवर गेले. कल्याणची एक शाळा, अंबरनाथचा एक छापखाना, कळव्यातले एक डॉक्टर. हेमा मशीनपुढे बसायची, आणि मालकाला काय बिघडलंय ते जगन सोप्या भाषेत समजवायचा. काही जण चिडले, काहींनी चहा पाजला. दुपारी दोघं कुठेतरी सावलीत थांबायचे. तो तिच्या डब्यातलं सुकट खायचा आणि तिला मावशीकडच्या स्थळांचे किस्से सांगायचा. कधी 'तुम्ही'चं 'तू' झालं, दोघांनाही आठवत नाही.

कळव्याच्या बाजारात हेमाच्या आईने, आवडाबाईंनी, त्यांना पाहिलं. मासळीच्या पाटीमागून त्या नुसत्या बघत राहिल्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "यो पोऱ्या कोनाचा गो?"

"कामातला आहे, आई."

"काम कवा सरतंय?"

काम सरत आलंच होतं. शेवटचा ग्राहक घोडबंदर रोडचा, एका नव्या वसाहतीच्या बिल्डरचं ऑफिस. भोवती अर्धवट इमारती, सिमेंटची धूळ आणि मागे झाडी. आत गेले तर सर्व्हरपुढे सीताराम सर बसलेले. शर्टाच्या बाह्या वर केलेल्या, हातात फ्लॉपी.

हेमा दारातच थांबली.

"बाकीचे?" सरांनी विचारलं.

"झाले, सर. सगळे."

"मी इथूनच सुरुवात केली." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुझ्या नावाची ती फाइल रोज समोर दिसायची. सिंगापूरला सकाळी फोन केला. सांगून टाकलं. म्हणाले, विचार करून कळवतो. नाही कळवणार बहुतेक." मग हेमाकडे न बघता ते म्हणाले, "तुझी दुरुस्ती नीट आहे. मी दोन ठिकाणी आणखी लांबी मोजायला लावली. तीच चूक मी तिथेही केलेली." त्यांनी खिशातून किल्ली काढून तिच्यापुढे धरली. "उद्या ये. आपल्याला सगळा 'दूत' पहिल्यापासून वाचायचाय."

हेमाने किल्ली घेतली. "सकाळी येते, सर."

परतताना जगनने गायमुखला खाडीच्या कडेला स्कूटर थांबवली. ओहोटी होती. चिखलावर बगळे उभे होते. दोघं कठड्यावर बसले.

"रडतेयस?"

"धूळ गेली डोळ्यात."

"बरं." त्याने एक खडा चिखलात भिरकावला. "हेमा... उद्यापासून तुला भेटायला काय कारण काढायचं, तेच सुचत नाहीये."

"कारण कशाला लागतं?"

"मला नाही लागत. तुला लागत असेल तर..."

"आईने विचारलेलं, तू कोणाचा कोण."

"मग? काय सांगितलंस?"

"म्हटलं, कामातला आहे." ती त्याच्याकडे वळली. "पण ते खोटं होतं. मला तू आवडतोस, जगन. त्या शनिवारपासून."

त्याने कठड्यावरचा तिचा हात हातात घेतला. "मी अख्खा आठवडा पाठ करत होतो," तो म्हणाला, "आणि तू एका वाक्यात सांगून मोकळी झालीस." अंधार पडेपर्यंत त्याने तो हात सोडला नाही.

रविवारी तो कळव्याला आला. आवडाबाईंनी त्याला पाटावर बसवलं, तळलेले बोंबील वाढले, आणि पहिला घास तोंडात जायच्या आत विचारलं, "लगीन झाल्याव पोरीचं काम बंद करशील कं?"

जगनने घास खाली ठेवला. "ती माझं ऐकेल असं वाटतं तुम्हाला?"

आवडाबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग त्याच्या ताटात आणखी एक बोंबील टाकला आणि दारात उभ्या असलेल्या हेमाला म्हणाल्या, "यो चालंल गो."