अर्धी वाट

मी ड्रायव्हर माणूस. मीटर सांगेल ते खरं मानणारा. आमच्या असुओसो गावापासून अक्राच्या विमानतळापर्यंत दोनशे चाळीस किलोमीटर. नऊ वर्षांत हा आकडा कधी बदलला नाही.

वाउटर हॉलंडहून बोअर मारायच्या कामावर आला आणि पहिल्याच दिवशी गावच्या वडीलधाऱ्या आफ्राकोमा आजीला पाण्याचा पेला डाव्या हातानं परत देऊन बसला. पुढचे चार महिने त्याचा नुसता वैताग. "प्रत्येकाला कसे आहात, घरचे कसे आहेत, विचारत बसलो तर पाणी कधी लागणार?"

"याला घरी कुणी शिकवलं नाही का रे?" आजी मला म्हणायची. "थांब, मीच शिकवते."

आणि शिकवलं. वर्ष सरेपर्यंत तो उजव्या हातानं फुफू, म्हणजे आमचा न चावता गिळायचा कंदाचा मऊ गोळा, खायला लागला. चुकून चावला, की स्वतःच हसायचा.

डिसेंबरात तिकडे हॉलंडला त्याची बायको बाळंत होणार होती. मूल पहिल्यांदा आपणच हातात घेणार, असा त्यानं तिला शब्द दिला होता. निघायच्या दिवशी सकाळी सातला तो आजीच्या अंगणात गेला. ती तिच्या बुटक्या लाकडी स्टुलावर बसली होती.

"आजी, वाट मागायला आलोय."

"अर्धी दिली. उरलेली माझ्याकडे. परत येशील तेव्हा घे."

आमच्याकडे निघणाऱ्याला असंच म्हणतात. तो हसतो आणि जातो. वाउटरही हसला. मी मीटर शून्यावर आणला.

न्कॉकॉ गाव मागे पडलं. पिवळं फडकं बांधलेल्या बाईकडून वाउटरनं पाव घेतला. गरम होता, गाडीभर वास सुटला. मीटरवर एकशे वीस लागले, एक वळण आलं, आणि समोर आमच्या शाळेपुढचं सावरीचं झाड.

"झोपेत चालवतोस का, बोआतेंग?"

"मी गाडी वळवलीच नाही."

पुन्हा निघालो. पुन्हा न्कॉकॉ. पिवळ्या फडक्याच्या बाईनं पाव पुढे केला, जणू आम्हाला प्रथमच बघतेय. या वेळी दोघंही मीटरवरच नजर लावून होतो. दोनशे चाळीस, म्हणजे पुन्हा एकशे वीसच. सावरीचं झाड.

"आजीकडे चल," मी म्हणालो. "उरलेली मागून घे. आपलं काय जातंय?" मी गाडी तिच्या घराकडे घेतली.

अंगणात बायका रडत होत्या. आम्ही निघालो आणि आजी बसल्या जागीच गेली. मान छातीवर झुकली, एवढंच.

"आता कुणाकडे मागू?" वाउटरनं विचारलं.



त्या आठवड्यात आम्ही सात वेळा निघालो. तो दुसऱ्यांच्या गाडीतून गेला, पायीही गेला. मी एकटा असलो की अक्रा येतं, तो बरोबर असला की येत नाही. मुलगी झाल्याचं त्याला फोनवर कळलं. माझ्या गाडीत बसून तो पोटभर रडला.

पाच वर्षं झाली. आजीचं स्टूल आता त्याचंच. गावातल्या कुणाहीपेक्षा रीतभात त्याला जास्त येते. फक्त कुणी वाट मागायला आलं, की तो उठून आत जातो. का, ते मला ठाऊक आहे.

त्याची बायको इतकी वर्षं रुसून होती. तिला वाटायचं, हा तिथलाच होऊन बसला. शेवटी गेल्या आठवड्यात ती लेकीला, मार्लूसला, घेऊन आली. आठ दिवस तो पोरीला खांद्यावरून खाली ठेवेना.

काल त्या दोघी निघाल्या. पोरीला शेजारणींनी पढवून ठेवलं होतं. ती स्टुलापुढे उभी राहिली.

"बाबा, वाट मागायला आलेय."

बायका कौतुकानं हसल्या. वाउटरही हसला.

"अर्धी दिली," तो हसण्याच्या भरात म्हणून गेला. "उरलेली माझ्याकडे."

मग त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"नाही. सगळी..."

त्याची मान छातीवर झुकली.

बायकोला वाटलं, रडतोय. तिनं मार्लूसला उचलून गाडीत बसवलं, दार लावलं.

मी मीटरला अजून हात लावला नव्हता. तरी तो शून्यावर होता.