तिसऱ्या कॅमेऱ्यातलं तेल

जुन्या सामानाच्या बाजारात, एका ढिगाऱ्यात, दोन हात एकाच वेळी गेले आणि एकाच कॅमेऱ्यावर पडले. एक हात तिचा. दुसरा कुणाचा ते बघायच्या आधी तिने तो हातच नीट निरखून घेतला. लांब बोटं, अगदी मुळापासून कापलेली नखं, आणि कॅमेरा धरायची पद्धत अशी हळुवार, जणू आत झोपलेलं कुणी जागं होईल...

"तुम्ही घ्या," तो म्हणाला.

"का?"

"का म्हणजे... तुमचा हात आधी पडला."

"दोघांचा एकदमच पडला."

"मग असं समजा, की माझा निसटला."

दुसरी कुणी असती तर हसून मोकळी झाली असती. पण फुकटचा चांगुलपणा दिसला की हिच्या कपाळाला आठी पडायची. घरी आत्या तिला 'फौजदार' म्हणायची ते काही उगाच नाही. फौजदारांनी कॅमेरा उघडला, त्याचा घडीचा चामडी भाता ओढून बाहेर काढला आणि उन्हासमोर धरला. भात्यातून उजेडाचे ठिपके चाळणीसारखे खाली पडले.

"सतरा भोकं आहेत," ती म्हणाली. "म्हणून देत होतात होय मला?"

"मला खरंच माहीत नव्हतं हो!" त्याचे कान लाल झाले. "माझ्या घरी एक आहे मामांचा. त्याचा भाता धडधाकट आहे. शटर तेवढं अडकलंय. तुम्हाला... येतं का त्यातलं काही?"

इथे त्याने नकळत वर्मावर बोट ठेवलं. दिवसभर ती एका चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. पण तिचा जीव रमायचा तो रविवारी, जेवणाच्या टेबलावर पांढरं कापड अंथरून, चिमटे आणि बारीक स्क्रू ड्रायव्हर मांडून, रिळाचे जुने कॅमेरे दुरुस्त करण्यात. अडकलेलं शटर म्हटलं की तिला राहवायचं नाही.

"रविवारी दहाला या," ती म्हणाली, आणि लगेच स्वतःलाच सावरलं. "आधी नाव, पत्ता, फोन, सगळं लिहून द्या. काम काय करता?"

"नोकरी... एका ऑफिसात," तो म्हणाला, आणि हे सांगताना त्याने पहिल्यांदाच नजर चुकवली. तिने ते बरोबर टिपलं.

संशयी स्वभाव काही आईच्या पोटातून घेऊन ती जन्मली नव्हती. दोन वर्षांपूर्वी एक प्राध्यापक महाशय असेच रविवारी यायचे. बोलणं मधाळ, येणं वेळेवर. आत्याने तर मनातल्या मनात पत्रिकाही छापून टाकल्या होत्या. आणि हिने, जो कॅमेरा चौदा महिने खपून जिवंत केला होता, तो दोन भिंगांचा जड कॅमेरा, त्यांनी "दोनच दिवस द्या" म्हटल्यावर उघड्या डोळ्यांनी हातात दिला. कॅमेरा गेला, प्राध्यापकही गेले. बदली झाली म्हणे. फोन लागेना, पत्राला उत्तर नाही. तेव्हापासून काचेच्या कपाटातले तिचे उरलेले अकरा कॅमेरे कुलपात, आणि तीही तशीच.

रविवारी दहा म्हणजे दहाला बेल वाजली.

मामांचा कॅमेरा तिने उघडला. शटरची पाती एकमेकांना चिकटून बसली होती. तिने भिंगातून पाहिलं.

"यात कुणीतरी तेल घातलंय."

"असेल... मामांनी."

"मामा कधी वारले?"

"मामा? नाही नाही, ठणठणीत आहेत. का?"

"तेल ताजं आहे म्हणून."

त्याने चहाचा कप उचलला आणि कपात तोंड लपवलं. तिने स्पिरिट लावून पाती पुसली, परत पुसली, वाळू दिली. दीड तासाने बटण दाबलं तर शटर कसं 'चट्' वाजलं! तो लहान मुलासारखा हसला. ते हसू तिला आवडलं, आणि आवडलं म्हणूनच तिने तोंड आणखी आंबट केलं.

पुढच्या रविवारी तो दुसरा कॅमेरा घेऊन हजर. हा शेजाऱ्यांचा. आत पुन्हा तेच, तेलच तेल.

"हे बघा," ती मास्तरीण झाली, "ही पाती कोरडी हवीत. अगदी कोरडी. इथे तेल म्हणजे गोंद. तुमच्या शेजाऱ्यांना सांगा, आणि मामांनाही सांगा."

"सांगतो. म्हणजे तेल... मुळीच नाही?"

"मुळीच नाही."

हे त्याने इतकं मन लावून ऐकलं की तिला शंका आली. आणखीही शंका होत्या, एक का दोन! पहिली म्हणजे, ही माणसं कॅमेरे उघडतात ते बोथट स्क्रू ड्रायव्हरने नव्हे. एकाही स्क्रूचं डोकं खरवडलेलं नव्हतं. दुसरी, त्याच्या उजव्या डोळ्याभोवती एक पुसटसा गोल वळ होता. चष्म्याच्या दुकानात ती रोज शेकडो चेहरे बघते. नाकावरच्या खुणेवरून ती माणसाचा नंबर सांगेल. हा वळ चष्म्याचा नव्हता. हा डोळ्यात भिंग खुपसून वस्तू पारखणाऱ्याचा होता. म्हणजे जवाहिऱ्या, नाहीतर जुन्या वस्तूंचा दलाल! आणि तिसरी शंका सगळ्यात वाईट. गप्पा मारता मारता त्याची नजर सारखी टेबलाच्या बाजूच्या काचेच्या कपाटाकडे जायची... जायची आणि तिथेच राहायची.

"आत्या, हा माणूस ऑफिसातला नाही," तो गेल्यावर ती म्हणाली.

"नसेना का. बशी स्वतः विसळून ठेवून गेला."

"तेच तर! कोण विसळतं?"

"फौजदार, तुला चोर तरी कसा हवाय ते एकदा सांग बाई. मी तसा शोधते."

आत्याला हसू सुचत होतं. हिला मात्र भीती वाटत होती, आणि ती कॅमेरे जाण्याची नव्हती. गेल्या आठवड्यात दुकानात एका आजोबांना तिने दोनदा चुकीची फ्रेम दिली होती, कारण रविवारला अजून चार दिवस होते. पुन्हा आपण तसंच वेड्यासारखं वागायला लागलोय, हे तिला कळत होतं. ह्या खेपेला फसलो तर कुणावर म्हणून विश्वास टाकता यायचा नाही, स्वतःवर तर नाहीच, हेही कळत होतं.

तिसऱ्या रविवारी तो आला, सोबत तिसरा कॅमेरा. शटर चिकटलेलं.

तिने समोरची काच काढून आत डोकावलं. तेल होतं. पण ह्या वेळी एकाच पात्यावर, कडेला, एकच थेंब. तिने कॅमेरा हळूच त्याच्यासमोर सरकवला, स्क्रू ड्रायव्हर त्याच्या हातात ठेवला.

"आज तुम्ही उघडा."

"मी? मला कुठे..."

"उघडा हो. मी सांगते तसं."

सांगायची वेळच आली नाही. त्याची बोटं एकदा कामाला लागली आणि मग ती थांबेनात. एकेक स्क्रू अलगद निघत होता आणि कापडावर जाऊन बसत होता. ती स्वतः स्क्रू एका ओळीत लावायची, सगळे कॅमेरेवाले तसंच करतात. ह्याने गोल मांडले. वरून सुरुवात करून, उजवीकडून खाली, सारख्या अंतरावर, नेमके बारा. असल्या सफाईने काम करणारा माणूस "मला कुठे येतं" म्हणत तीन रविवार तिचा चहा पीत होता!

"कोण आहात तुम्ही?" तिचा आवाज चढला. "हे हात ऑफिसातले नाहीत. डोळ्याला भिंग लावता ते दिसतंय मला. कॅमेरे तुम्हीच बिघडवता, माझ्याकडे आणता, आणि बघत बसता माझ्या कपाटाकडे. त्यातला कुठला हवाय? थेट सांगा. गोड बोलून नेणारे पाहिलेत मी!"

तो पांढराफटक पडला. मग त्याने स्क्रू ड्रायव्हर कापडावर ठेवला, आत्याला नमस्कार केला आणि गेला. कॅमेरा तिथेच राहिला.

आत्या एवढंच म्हणाली, "चोर असता तर काहीतरी घेऊन गेला असता गं. हा तर ठेवून गेलाय."

सोमवार कसाबसा गेला. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत तिने कॅमेरा पिशवीत घातला, त्याच्या पत्त्याचा कागद घेतला आणि छत्री उघडून भुरभुर पावसात निघाली. परक्याची वस्तू घरात ठेवायची नाही, असं तिने स्वतःला बजावलं होतं. खरं म्हणजे तिला दलालाचं दुकान डोळ्यांनी बघायचं होतं. एकदा ते दिसलं की मन तरी ताळ्यावर येईल.

पत्त्यावर एक चिंचोळं दुकान होतं. आत पाऊल टाकलं आणि टिकटिक कानावर आली. एक नाही, चाळीस-पन्नास. भिंतीवर घड्याळं, फळीवर घड्याळं, खोक्यात उघडी पडलेली मनगटी घड्याळं. टेबलाशी पाठीला बाक आलेला एक म्हातारा, आणि त्याच्या शेजारी, उजव्या डोळ्यात भिंग बसवून वाकलेला... तो.

त्याने मान वर केली. भिंग डोळ्यातून निसटून टेबलावर घरंगळत गेलं.

"घड्याळजी?" ती म्हणाली. "मग ऑफिस का सांगितलंत?"

"लाज वाटली," तो उभा राहत म्हणाला. "बारा वर्षं घड्याळं करतोय. कॅमेऱ्याचा नवा नाद लागला, वाटलं, त्यात काय, एवढी एवढी चाकं तर आहेत! मामांचा कॅमेरा उघडला आणि बिघडवून बसलो. घड्याळजी असून बिघडवला, हे तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगू?"

"आणि तेल?"

"तेल मी शिकवलं!" म्हातारा मध्येच बोलला. "चाळीस वर्षं सांगतोय, काही अडलं की थेंबभर तेल सोड. काय चुकलं माझं?" मग त्याने डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं. "तेल नको म्हणणारी ती हीच का रे?"

"बाबा, तुम्ही जरा चहा सांगून येता का?"

"पावसात?" म्हातारा कुरकुरत उठला, पण उठला. जाताना त्याने तिच्याकडे पाहून मान डोलावली.

दुकानात आता दोघं, आणि ती सगळी टिकटिक.

"पहिल्या कॅमेऱ्याचं समजलं," ती म्हणाली. "दुसऱ्याचंही. पण दुसऱ्याच्या वेळी मी सांगितलं होतं, तेल मुळीच नाही. तुम्ही ऐकलं होतं. मग तिसऱ्यात तेल कुठून आलं?"

त्याने टेबलावरचं भिंग उचललं, पुन्हा खाली ठेवलं.

"एकाच पात्यावर होतं. कडेला. एक थेंब."

"तुम्हाला पुसायला त्रास पडू नये म्हणून," तो अगदी हळू म्हणाला. "तो कॅमेरा चांगला चालत होता. पण कॅमेरा बिघडल्याशिवाय तुमच्याकडे यायचं तरी कसं? शनिवारी संध्याकाळी तासभर तो हातात घेऊन बसलो होतो. शेवटी... सोडला थेंब. मला तुम्ही आवडता. हे तिथेच सांगायला हवं होतं, पण तुम्ही मला गोड बोलून नेणारा ठरवलंत आणि माझी वाचाच बसली."

तिचं काळीज इतक्या जोरात धडधडत होतं की पन्नास घड्याळांतही ते ऐकू जाईल असं तिला वाटलं. तरीही एक काटा उरला होता.

"कपाटाकडे का बघत होतात?"

"कपाटाकडे नाही हो... काचेत दिसणाऱ्या तुमच्याकडे. तुम्ही काम करताना जीभ जराशी बाहेर काढता. समोरून बघितलं की तुम्ही डोळे वटारता. काचेत बघितलं तर कुणी वटारत नाही."

ती हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने छत्री धरून ओल्या झालेल्या हातानेच पुसलं.

"माझा एक कॅमेरा एकाने नेलाय," ती म्हणाली. "कॅमेऱ्याचं दुःख आता नाही. मी तो स्वतःच्या हाताने दिला, त्याचं आहे. म्हणून मी अशी वागते. आणि ही खोड लगेच जायची नाही. तुम्ही चांगले वागलात तरी मी विचारणार, का चांगले वागता म्हणून."

"विचारा ना. रोज विचारा. उत्तर तेच येईल."

तिने पिशवीतून कॅमेरा काढून टेबलावर ठेवला. बटण दाबलं. 'चट्'. काल तिने तो पुसून, पुन्हा जोडून ठेवला होता.

"चांगला चालणारा कॅमेरा बिघडवलात, त्याबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही," ती म्हणाली. "रविवारी दहाला या. येताना कॅमेरा आणायचा नाही."

"मग... काय आणू?"

"काहीच नाही. रिकाम्या हाताने या."

"पण आत्यांनी विचारलं, कशाला आलात, तर?"

"मला आत्ता सांगितलंत तेच सांगा," ती म्हणाली, आणि छत्री न उघडताच बाहेर पडली.

रविवारी दहा म्हणजे दहाला बेल वाजली. तिने दार उघडलं. तो उंबऱ्याशी उभा होता. त्याने दोन्ही तळवे तिच्यासमोर धरले, मग उलटे करून दाखवले. काही नव्हतं.

तिने ते दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि त्याला आत आणलं.